पुंजारामचा उजवा खांदा

पुंजारामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. दौलताबादकडून येणारी दुधाची पहिली जीप पडेगाव ओलांडून शहराकडं गेली की चार वाजले, असं ठरलेलं. तो उठायचा, अंगणात यायचा आणि आधी शेजारच्या बद्रीनाथच्या घराकडं बघायचा. तिथं अंधार असला की तोंड धुणं निवांत व्हायचं. दिवा दिसला की तो बायकोवर चिडायचा.

"उठवलं का नाय मला?"

सरूबाई चुलीपुढं भाकरी थापत म्हणायची, "जीप आत्ता गेली. त्याला जीपच्या आधी जाग आली, त्याला मी काय करू?"

दोघंही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. एकाच टोळीत, एकाच वर्षी लागलेले. सायकलवर छावणीतून जायचं, मोंढ्यात पोचेपर्यंत पाऊण तास. पुंजाराम रोज बद्रीनाथच्या आधी पोचायचा. त्याबद्दल कुणी काही देत नव्हतं. तरी तो पोचायचा.

त्याचा बापही हमालच होता. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी खुलताबादकडून शहरात आला आणि मरेपर्यंत पोती उचलली. मुलाला त्यानं एकच गोष्ट शिकवली. फळीवर दुखतं म्हणायचं नाही. फळी म्हणजे जमिनीवरून ट्रकच्या हौद्यात टेकवलेला जाड लाकडी तक्ता. पाठीवर क्विंटलचं पोतं घेऊन तिच्यावरून चढायचं. ती खालीवर होते, तिच्या तालावर पाय टाकावा लागतो. चुकला की माणूस खाली आणि पोतं त्याच्यावर. ज्यानं एकदा दुखतं म्हटलं त्याला मुकादम काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात झाडू देतो. सांडलेलं धान्य गोळा करायचं, पोत्यांची तोंडं शिवायची. वाटा मिळतो, पण अर्धा. आणि फळीवर परत बोलावणं येत नाही.

पुंजाराम दिवसाला साठ खेपा करायचा. बद्रीनाथच्या पंचेचाळीस व्हायच्या. फकिरा मुकादम संध्याकाळी मजुरी बारा जणांत सारखी वाटायचा, टोळीची रीत तशीच. रीत पुंजारामला मान्य होती. त्याला खुपायचं ते वेगळं होतं. अडत्यांना चहाच्या वेळी बद्रीनाथच आठवायचा. "बद्री, ये रे, काय म्हणतोस?" बद्रीनाथ काहीतरी म्हणायचा आणि दुकानभर हसू फुटायचं. त्या वेळी पुंजाराम पुढचं पोतं उचलत असायचा. ते कुणी पाहिलं नाही, याची खात्री करण्यासाठी तो एकदा मागं वळून बघायचा.

अपघात झाला शहाण्णवच्या जानेवारीत, संक्रांत चार दिवसांवर असताना. बाजरीची गाडी भरत होती. पुंजाराम फळीवर पुढं, बद्रीनाथ मागं. एका टेम्पोवाल्यानं मागं न बघता टेम्पो रिव्हर्स घेतला आणि फळीला ठोकलं. फळी उडाली. पुंजाराम उजव्या खांद्यावर पडला आणि पोतं त्या खांद्यावर आलं. बद्रीनाथचा गुडघा फळीखाली सापडला. पडता पडता पुंजारामला एवढंच दिसलं की बद्रीनाथचं पोतं आधी सुटलं. पुढं त्यानं हे पुष्कळ जणांना सांगितलं.

घाटीत, सरकारी दवाखान्यात, दोघांच्या खाटा शेजारी लागल्या. पोलीस येऊन दोघांचे जबाब घेऊन गेले. पुंजारामच्या खांद्याचं हाड दोन जागी मोडलं होतं, बद्रीनाथच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. बद्रीनाथला भेटायला दिवसाला दहा माणसं यायची. त्यातली दोन-तीन जाता जाता पुंजारामच्या खाटेशी थांबायची. पुंजाराम त्या वेळी डोळे मिटून पडायचा.

क्लेम टाकायचा असतो, हे टोळीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. फकिरानं चौकशी केली आणि मार्चात दोघांना मीनाक्षीबाई वकिलांकडं नेलं. अदालत रोडवर एका जिन्याखाली त्यांची खोली. बाहेर एक बाक, आत एक टेबल, टेबलावर फायली. बाई चाळिशीच्या, बोलणं तुटक. हे पुंजारामला आवडलं. बद्रीनाथ काठी भिंतीला टेकवून बसला आणि प्रश्न विचारू लागला. त्याच्याकडं प्रश्नांचा तोटा नव्हता.

"बाईसाहेब, आता दोन महिने झाले. मुदत तर गेली नाय?"

"मुदतीची अट कायद्यानं दोन वर्षांपूर्वी काढली. पण उशीर केला की साक्षीदार पांगतात, कागद हरवतात. पोलिसांचे कागद, दवाखान्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्याकडं आणून टाका. एकही चिठ्ठी चुलीत घालू नका."

"तुमची फी?"

"आत्ता नाही. निकाल लागल्यावर बोलू. आधी टायपिंग आणि कोर्टाच्या तिकिटांचा खर्च द्या."

"टेम्पोचा मालक घरी आला व्हता. पाच हजार देतो म्हणाला, कागदावर सही करा."

"केली?"

"नाय. म्हणलं, माझा गुडघा पाच हजारात गेला तर दुसरा कितीला देऊ?"

बाई हसल्या. पुंजारामला राग आला. तो आल्यापासून बाई एकदाही हसल्या नव्हत्या.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "दावा मालकावर आणि विमा कंपनीवर दोघांवर जातो. पैसे बहुतेक कंपनी देते."

"आन् मी कामावर गेलो तर क्लेम बुडतो का? लोक म्हणतात, घरी पडून राहा, निजून राहा."

"लोकांचं ऐकू नका. जेवढं जमेल तेवढं काम करा. कोर्टात फक्त खरं सांगा. काय जमतं, काय जमत नाही, किती दुखतं. वाढवून सांगितलं तर कंपनीचा वकील पकडतो. लपवलं तर तुमचं नुकसान तुम्हीच केलं. डॉक्टर तपासून टक्के लिहितील. वय, कमाई आणि ते टक्के, यावरच पैसे ठरतात."

"किती वर्षं लागतील?"

"तीन धरा."

मग त्या पुंजारामकडं वळल्या. तो कोपऱ्यात उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नव्हता. उजवा हात झोळीत.

"पुंजाराम, तुम्हाला काही विचारायचं?"

पुंजारामनं थोडा विचार केला. "याला किती भेटतील?"

"कुणाला?"

"बद्रीनाथला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांचा दावा वेगळा, तुमचा वेगळा. एकाच फळीवरून पडलात म्हणून दोघांना सारखं मिळत नाही. ही तुमची टोळी नाही."

ते वाक्य पुंजाराम घरापर्यंत घेऊन आला. वीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं होतं की त्याचं आणि बद्रीनाथचं सारखं नाही. आता कळेल, असं त्याला वाटलं.

जुलैत तो कामावर परतला. बद्रीनाथही परतला, पण त्यानं आल्या आल्या स्वतःहून फकिराकडं झाडू मागितला. "फळीला मी चालंल," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या गुडघ्याला ती चालायची नाय." आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसला. एका अडत्यानं त्याला बसायला स्टूल दिलं. पुंजारामला वाटलं, लाज सोडली की माणसाला स्टूल मिळतं.

तो स्वतः फळीवर चढला. उजव्या खांद्यावर पोतं ठरत नव्हतं, म्हणून डाव्यावर घ्यायला शिकला. दोघं जण पोतं चढवून द्यायचे. पूर्वी तो एका झटक्यात स्वतः घ्यायचा. दिवसाला तीस खेपा व्हायच्या. टोळी काही बोलली नाही. कुणी काही बोललं नाही, म्हणून तीस कुणाला दिसल्या नाहीत, असं तो धरून चालला.

पहाटे अंगणात, दिव्याच्या उजेडात, सरूबाई त्याला सदरा घालायची. आधी उजवी बाही, मग मान, मग डावी. तिथंच डोक्याला फडकंही तीच बांधायची, कारण उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. हे ती शेजारी बोलली नव्हती. तो तिला बजावून होता.

सप्टेंबरात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दोघांना सरकारी डॉक्टरांपुढं उभं केलं. आधी बद्रीनाथ गेला. दार उघडंच होतं, बाहेर बाकावर पुंजारामला सगळं ऐकू येत होतं. उकिडवं बसता येतं का? नाय. जिना? एकेक पायरी, धरून. दुखतं का? थंडीत लई, उन्हाळ्यात कमी. बद्रीनाथ असं सांगत होता जसं दुकानात डाळीचा भाव सांगावा. मग तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि पुंजाराम आत गेला.

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

दार उघडं होतं. बाकावर बद्रीनाथ होता. पुंजारामनं दात आवळले आणि हात उचलला. खांद्यापर्यंत आला. पुढं आत काहीतरी करकरलं. त्यानं श्वास धरला, कंबर थोडी वाकवली आणि हात पार वर नेला, पोतं थप्पीच्या वरच्या थरावर टाकावं तसा. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. सप्टेंबर होता, उकाडा होता. डॉक्टरांना त्यात काही विशेष वाटलं नसावं.

"दुखतं का?"

"नाय."

"रात्री त्या कुशीवर झोप लागते?"

"लागते."

आठ महिने तो त्या कुशीवर झोपला नव्हता. डॉक्टरांनी जे ऐकलं, पाहिलं ते लिहिलं. पुंजाराम आठ टक्के. बद्रीनाथ तीस टक्के.

मीनाक्षीबाईंनी दोन्ही कागद पाहिले. "पुंजाराम, हे काय?"

"जे हाय ते हाय."

"आठ टक्क्यांवर मी कोर्टाला काय सांगू?"

पुंजारामच्या मनात दुसरंच चाललं होतं. बद्रीनाथनं डॉक्टरला बनवलं, असं त्याला वाटत होतं. तीस टक्के कशाचे? गेल्या आठवड्यात तो स्टुलावर बसून हसत होता, ते कोणत्या गुडघ्यानं?

त्या दिवसापासून तो बद्रीनाथच्या पायावर नजर ठेवू लागला. पडेगावात त्या आळीला पाणी एकाच हापशाचं. हापसा रस्त्यापलीकडं उतारावर, घरी येताना चढ. बद्रीनाथची बायको द्वारकाबाई दम्यानं हैराण, म्हणून पाणी बद्रीनाथच आणायचा, पहाटेच, मोंढ्याला जायच्या आधी. पुंजाराम सरूबाईकडून फडकं बांधून घेता घेता, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, बघायचा. बद्रीनाथ लंगडत नाही असं एकदा तरी दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. एकदाही दिसलं नाही. दोन भरलेल्या कळश्या घेऊन तो चढावर यायचा आणि सहा जागी थांबायचा. कळश्या खाली ठेवायचा, मांडीवर हात दाबायचा, पुन्हा उचलायचा. सहा थांबे. पुंजारामनं ते शंभर वेळा मोजले, कधी पाच झाले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात विमा कंपनीचा एक माणूस मोंढ्यात आला. हातात वही, पायात बूट. त्यानं पुंजारामला चहा पाजला. त्या टपरीवर कुणी बोलावून चहा पाजण्याची पुंजारामची ती पहिलीच वेळ.

"बद्रीनाथ तुमच्या शेजारीच राहतात ना?"

"व्हय."

"चालतात कसे?"

"पायानं."

माणूस हसला. पुंजारामला बरं वाटलं. समोर बद्रीनाथ स्टुलावर बसून सुतळी ओवत होता आणि दोन अडते त्याच्याभोवती उभे होते.

"ओझं वगैरे उचलतात?"

"रोज पहाटं हापश्यावरनं दोन कळश्या पाणी आणतो. भरलेल्या."

माणसानं लिहून घेतलं. "आणखी काही?"

सहा थांबे पुंजारामच्या तोंडाशी आले होते. त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला.

"नाय."

विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं तो स्वतःला बजावत सायकलवर निघाला. छावणी येईपर्यंत बजावत होता. छावणीनंतर चढ लागतो. तिथं त्याला उतरून सायकल ढकलावी लागली. पूर्वी तो कधी उतरत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर सुनावण्या लागल्या. आधी बद्रीनाथची. पुंजाराम मागच्या बाकावर सरूबाईशेजारी बसला होता. कंपनीचा वकील उठला.

"तुम्ही रोज पाण्यानं भरलेल्या दोन कळश्या घरी आणता. खरं की खोटं?"

बद्रीनाथनं मागं वळून एकदाच पाहिलं. मग न्यायाधीशांकडं वळला.

"खरं. जाताना रिकाम्या असतात तवा सरळ जातो. येताना सहा जागी खाली ठेवतो. ज्यानं बघितलं त्यानं मोजलं बी असंल."

टायपिस्टनं तेही टाइप केलं. परतताना बद्रीनाथ शहर बसनं गेला, पुंजाराम सायकलनं. दुसऱ्या दिवशी पहाटे सरूबाईनं फडकं बांधताना विचारलं, "कंपनीला कळश्यांचं कुणी सांगितलं असंल?"

"मला काय ठाऊक."

तिनं गाठ जरा जास्तच आवळली.

तीन आठवड्यांनी त्याची स्वतःची पाळी आली. साक्षीला फकिरा होता, मजुरीची वही घेऊन. आणि बद्रीनाथ होता, कारण अपघात त्यानंच पाहिलेला. तो येणार नाही असं पुंजारामला वाटलं होतं. तो आला, धुतलेला सदरा घालून. मीनाक्षीबाई दारात पुंजारामला म्हणाल्या, "आज एवढंच करा. काय जमत नाही ते सांगा. दाखला हलका आहे, आता तुमचं तोंडच काय ते आहे."

पुंजाराम पिंजऱ्यात चढला. दोन पायऱ्या होत्या. समोर, पाच हातांवर, फकिरा आणि बद्रीनाथ.

"काम करता सध्या?" कंपनीच्या वकिलानं विचारलं.

"करतो."

"किती वजनाचं पोतं?"

"शंभर किलो."

"फळीवरून?"

"फळीवरनं."

"पूर्वीसारखंच?"

मीनाक्षीबाई त्याच्याकडं बघत होत्या. सरूबाई बघत होती. पण त्याला दिसत होते ते फकिरा आणि बद्रीनाथ.

"पूर्वीसारखंच."

वकील लगेच खाली बसला. मीनाक्षीबाईंनी पेनाला टोपण लावलं. पुंजाराम खाली उतरला तेव्हा त्याचे पाय हलके होते, जसे दिवसाच्या शेवटच्या खेपेनंतर होतात. त्यानं स्वतःच्या हातानं आपला क्लेम बुडवला होता, आणि ते त्याला कळत होतं.

मग बद्रीनाथ पिंजऱ्यात गेला, कठड्याला धरून, एकेक पायरी. टेम्पो कसा आला, फळी कशी उडाली, ते त्यानं सांगितलं. मीनाक्षीबाई खाली बसणार होत्या. मग थांबल्या.

"अपघाताच्या आधी पुंजाराम किती काम करायचे?"

"साठ खेपा," बद्रीनाथ म्हणाला. "टोळीत तेवढ्या कुणाच्याच नव्हत्या. माझ्या पंचेचाळीस. मी तोंडानं कितीबी बोललो तरी साठ मला कधी झाल्या नाय. एकदा पन्नास केल्या, तर चार दिवस निजून व्हतो."

टायपिस्टची बोटं चालत होती. पुंजारामनं मान वर केली.

"आणि आता?"

"आता तीस. तेबी डाव्या खांद्यावर, दोघं जण चढवून देतात."

"खोटं," पुंजाराम बाकावरून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," न्यायाधीश म्हणाले.

"त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाय, साहेब. पहाटं त्याची बायको त्याला सदरा घालते, फडकं बांधते. हापश्यावरनं येताना माझा पाचवा थांबा जिथं हाय तिथनं त्याचं अंगण दिसतं. दोन वर्षं बघतोय."

सरूबाईनं पदर तोंडाशी धरला. कंपनीचा वकील उठला. "मग ते स्वतः तसं का म्हणत नाहीत? त्यांना पैसे नकोत?"

"हमाल हाय तो. आमच्यात फळीवर दुखतं म्हणत नाय. त्याला ही बी फळीच वाटली." बद्रीनाथनं दाराकडं बोट केलं. "आन् समोर मी बसलो व्हतो. मी भायेर बसतो पाहिजे तर."

न्यायाधीशांनी पुंजारामला पुन्हा बोलावलं. "उजवा हात वर करा."

पुंजाराम दोन पायऱ्या चढला. हात उचलला. खांद्यापर्यंत आला. पुढं नेणं त्याला जमलं असतं, एकदा तरी. कंबर वाकवून, श्वास धरून, डॉक्टरपुढं नेला होता तसा. बद्रीनाथ बाकावर बसून बघत होता, बाहेर गेला नव्हता. टायपिस्टच्या यंत्रातला कागद अर्धा बाहेर आला होता. त्या कागदावर साठ आणि पंचेचाळीस एकाखाली एक लिहिलं गेलं होतं, सरकारी कागदावर, बद्रीनाथच्या तोंडून. ते आता कुणी पुसणार नव्हतं.

त्यानं हात तिथंच थांबवला.

"एवढाच जातो," तो म्हणाला. मग म्हणाला, "दुखतं."

कोर्टानं त्याला फेरतपासणीला धाडलं. डॉक्टर तेच निघाले. जुना कागद बघून म्हणाले, "मागच्या वेळी दुखत नव्हतं तुम्हाला."

"तवा बद्रीनाथ बाकावर व्हता."

डॉक्टरांना ते काही कळलं नाही. त्यांनी हात स्वतः धरून उचलला, जिथं थांबला तिथं थांबले आणि पंचवीस टक्के लिहिले.

निकाल नव्व्याण्णवमध्ये लागला, तीन वर्षं आणि वर काही महिने. दोघांचे पैसे कंपनीनं भरले, कोर्टानं निम्मे बँकेत ठेवायला लावले. बद्रीनाथला पुंजारामपेक्षा अकरा हजार जास्त मिळाले. पुंजाराम मीनाक्षीबाईंना त्याचं कारण विचारायला मुद्दाम गेला.

"टक्के," त्या म्हणाल्या. "त्यांचे तीस, तुमचे पंचवीस."

"खांदा मोठा का गुडघा?"

"पुंजाराम, घरी जा."

तो घरी गेला. हातात आलेल्या पैशातून घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकला. बद्रीनाथनं पिठाची चक्की टाकली आणि मोंढा सोडला. चक्कीवर दिवसभर माणसं हसत असायची. पुंजाराम जवळजवळ वर्षभर दळण मिटमिट्याला घेऊन जायचा, दीड कोस सायकलवर. सरूबाईनं एक दिवस डबा उचलला आणि शेजारी दळून आणला. तो त्या दिवशी भाकरी जेवला, पीठ जाड आहे म्हणाला आणि आणखी एक मागितली.

चक्की दारात आली तरी पाणी हापशाचंच होतं. बद्रीनाथ अजून पहाटे उतरायचा, कळश्या भरायचा, वर यायचा. पुंजाराम फडकं बांधून घ्यायचा आणि बघायचा. सहा थांबे आता सात झाले होते. पाचव्या थांब्यावर बद्रीनाथ मान वर करायचा, तेव्हा दोघांची नजर भिडायची.  कळश्यांचं कुणी सांगितलं, हे बद्रीनाथनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुंजारामला सोपं गेलं असतं.

मग रस्त्याच्या कडेनं नळाची मोठी लाइन आली. ज्याला कनेक्शन पाहिजे त्यानं फी भरायची, पाइप आपला आपण टाकायचा.

"बँकेतले काढता?" सरूबाईनं विचारलं.

"नाय. ते पैसे त्याच्या बोलण्यानं आले."

त्यानं मजुरीतून बाजूला टाकायला सुरुवात केली. पाइप आला तेव्हा चर त्यानं स्वतः खोदला, सुट्टीच्या दिवसांत, डाव्या हातानं टिकाव मारत. उजवा हात फक्त दांडा धरायला. मुरमाड जमीन, वीतभर खाली खडक. नळवाल्यानं विचारलं, "तोटी दारात बसवू ना, मामा?"

"नाय. तिकडं, बांधावर."

बांध म्हणजे दोन अंगणांमधली दगडांची रांग. तोटी बसली, पाणी आलं. बद्रीनाथ काठी टेकत चक्कीतून बाहेर आला, अंगभर पीठ.

"काय रे हे?"

"नळ."

"कुणाचा?"

"माझा. पाणी ज्याला लागंल त्यानं घ्यावं."

बद्रीनाथनं आपल्या दारापासून तोटीपर्यंत चालून पाहिलं. मग उलटा फिरला आणि पुंजारामच्या दारापर्यंत चालला.

"माझ्याकडनं नऊ पावलं," तो म्हणाला. "तुझ्याकडनं आठ."

"चर मी खोदला."

बद्रीनाथ हसला. घरात गेला आणि दोन्ही कळश्या घेऊन आला. भरल्या, उचलल्या, नऊ पावलं चालला. मध्ये कुठं ठेवल्या नाहीत. पुंजारामनं मोजलं.

कनेक्शनची फी, पंच्याऐंशी फूट पाइप, एक पितळी तोटी आणि नळवाल्याची दीड दिवसाची मजुरी. तीस खेपांच्या कमाईतून याला चौदा महिने लागले. साठ असत्या तर सात लागले असते, असा हिशोब पुंजारामनं केला; टोळीत वाटा सारखाच असतो, हे त्यानं त्यात धरलं नाही.